मणिबंध-नलिका लक्षणसमूह : इतिहास

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस असलेल्या अरुंद मार्गात मध्य तंत्रिका दाबली गेल्यामुळे उद्भवणाऱ्या विकारास मणिबंध-नलिका लक्षणसमूह म्हणतात. ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ या नावाने तो सर्वसामान्यांस परिचित आहे. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांत मुंग्या येणे, बधिरता व वेदना ही त्याची प्रमुख लक्षणे होत. करंगळी बहुधा मोकळी राहते. प्रौढ वयात, विशेषतः चाळिशीनंतरच्या स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो. त्याची लक्षणे बोटांत जाणवतात, कळा दंडापर्यंत चढतात आणि हात विसावलेला असताना, मध्यरात्री, त्रास वाढतो. त्यामुळे विकाराचे मूळ मनगटात आहे हे मान्य होण्यास सु. शंभर वर्षे लागली.

मनगटाच्या आठ लहान अस्थींची एक कमान बनते व तिच्यावर एक जाड आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमधील नलिकेतून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा व मध्य तंत्रिका जातात. नलिकेच्या भिंती फारशा लवचिक नसल्यामुळे आतील आवरणांस थोडी सूज आली, तरी दाब तंत्रिकेवर पडतो. दाब दीर्घकाळ टिकल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजतो आणि बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, चिमटीत वस्तू धरणे ही कामे कठीण होतात.

या विकाराच्या इतिहासातील आरंभीची नोंद इंग्रज शस्त्रक्रियाविशारद जेम्स पॅजेट यांच्या विकृतिविज्ञानावरील व्याख्यानांत (१८५३) आढळते. मनगटाजवळील अस्थिभंगानंतर मध्य तंत्रिका दाबली जाऊन एका रुग्णाच्या बोटांवर व्रण झाले होते. तंत्रिकेवरील दाब हलका होईल अशा रीतीने मनगट बांधून ठेवले असता ते बरे होत व हात पुन्हा वापरताच उलटत. मात्र हा अपघाताचा परिणाम मानला गेल्यामुळे, अपघाताशिवाय हात बधिर होणाऱ्या रुग्णांशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही.

अशा रुग्णांचे वर्णन बॉस्टन येथील तंत्रिकातज्ञ जेम्स जॅक्सन पटनम यांनी १८८० मध्ये केले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बधिरतेने रात्री जाग येते आणि हात पलंगाखाली लोंबता सोडल्याने किंवा झटकल्याने आराम पडतो, हे पटनम यांनी अचूक टिपले. परंतु त्याचे कारण त्यांना रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणातील बिघाडात असावेसे वाटले. १८९३ मध्ये जर्मन वैद्य फ्रीड्रिख शुल्ट्स यांनी या तक्रारीस ‘ॲक्रोपॅरेस्थेशिया’, म्हणजे हातापायांच्या टोकांची विकृत संवेदना, असे नाव दिले. नाव मिळाले, पण कारण अज्ञातच राहिले.

१९१३ मध्ये फ्रान्समधील प्येर मारी व शार्ल फ्वा यांनी एका ८० वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात दोन्ही हातांच्या अंगठ्यांचे स्नायू झिजलेले पाहिले. मध्य तंत्रिका आडव्या अस्थिबंधाच्या वर जाड झालेली व त्याच्याखाली चिमटलेली होती. वेळीच निदान झाल्यास अस्थिबंध छेदून हा परिणाम टाळता येईल, असे त्यांनी सुचविले. परंतु या सूचनेकडे दीर्घकाळ लक्ष दिले गेले नाही. पुढील तीन दशके अनेक तज्ञ हाताच्या बधिरतेचे कारण मानेत शोधीत राहिले. मानेजवळील जादा बरगडी किंवा खांदे ओघळल्यामुळे तंत्रिकांवर पडणारा ताण हे कारण मानण्यात येई. एफ्. एम्. आर्. वॉल्श या मान्यवर इंग्रज तंत्रिकातज्ञांनी १९४५ मध्येही स्त्रियांच्या या तक्रारीची उपपत्ती अशाच प्रकारे मांडली. परिणामी काही स्त्रियांच्या मानेच्या मुळाशी शस्त्रक्रिया झाल्या आणि मनगट मात्र तपासावयाचे राहून गेले.

१९४७ मध्ये लंडन येथे रसेल ब्रेन, डिक्सन राइट व मार्सिया विल्किन्सन यांनी शस्त्रक्रियेने उपचार केलेल्या सहा स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मनगटास कोणतीही इजा नसतानाही नलिकेत तंत्रिका दाबली जाऊ शकते, हे त्याने स्पष्ट झाले. १९५३ मध्ये क्रेमर, गिलिएट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्रोपॅरेस्थेशिया नावाखाली मोडणारी रात्रीची बधिरताही मनगटातील दाबामुळे उद्भवत असल्याचे दाखविले. याच सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जॉर्ज फेलन यांनी मनगट सु. एक मिनिट वाकवून धरण्याची साधी चाचणी प्रचारात आणली. तिने मुंग्या आल्यास निदानास पुष्टी मिळते. १९५६ मध्ये सिम्पसन यांनी मनगटापाशी तंत्रिकेतील विद्युत्‌ संदेशाची गती मंदावते हे मोजून दाखविले. पटनम यांच्या रुग्णांनी सांगितलेली हात झटकण्याची खूण १९८४ मध्ये कॅनडातील प्राइस-फिलिप्स यांनी निदानाचे लक्षण म्हणून पुढे आणली.

१९८१ मध्ये गेल्बरमन व सहकाऱ्यांनी नलिकेतील दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी व्यक्तींत तो सरासरी २·५ मिमी. पारा, तर रुग्णांत ३२ मिमी. होता, रुग्णाचे मनगट वाकलेले असता तो ९० मिमी.च्या वर जाई. झोपेत मनगट नकळत वाकते. त्यामुळे रात्री ते सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधणे हा सौम्य विकारातील पहिला उपाय ठरला. नलिकेत स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण केल्यास अनेकांना काही काळ आराम पडतो. अस्थिबंध छेदण्याची शस्त्रक्रिया स्थानिक बधिरीकरणाखाली करता येते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधील ओकुत्सू व अमेरिकेतील चाऊ यांनी ती दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदातून करण्याच्या पद्धती विकसित केल्या.

हा व्यवसायजन्य विकार आहे काय, याविषयी मतभेद झाले. फेलन यांनी कामाच्या स्वरूपास फारसे महत्त्व दिले नाही. पुढील अभ्यासांवरून जोर लावून पुनःपुन्हा करावी लागणारी पकड व कंप पावणारी यंत्रे यांचा संबंध बळकट ठरला आहे. संगणकाच्या कळफलकाविषयीचा पुरावा त्यामानाने दुबळा आहे. मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदक्रिया, संधिवाताभ संधिशोथ, स्थूलता व गर्भारपण यांतही विकार संभवतो. गर्भारपणातील त्रास प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. म्हणून प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हाताबरोबर या रोगांचीही तपासणी इष्ट असते.

वयोमानाने हात बधिर व्हावयाचेच, अशी समजूत करून घेऊन अनेक जण, विशेषतः घरकामात गुंतलेल्या स्त्रिया, त्रास वर्षानुवर्षे सोसतात. बधिरता रात्रीपुरती असेपर्यंत स्प्लिंट व कामातील विश्रांती यांनी निभावता येते. ती दिवसभर टिकू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकू नये. कारण दाब दूर केल्यावर वेदना बहुधा थांबते, परंतु पूर्णपणे झिजलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही.