इन्फ्ल्यूएंझा विषाणूचे संशोधन

इन्फ्ल्यूएंझा (फ्ल्यू) या साथीच्या श्वसनरोगाचे कारण, विषाणूची रचना व प्रतिबंध यांचा अभ्यास. १८९२ मध्ये रिखार्ट फायफर यांनी रुग्णांच्या थुंकीतील एका जिवाणूला रोगाचे कारण ठरविले. १९१८ च्या महासाथीत तो अनेक रुग्णांत सापडला नाही. तरीही हे मत लगेच मागे पडले नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू दाखवून दिला.

मानवी विषाणूचा शोध : १९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी तो लावला. रुग्णाच्या गुळण्यांचे पाणी जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून त्यांनी ते फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातले. सुमारे दोन दिवसांत त्याला ताप आला, नाक वाहू लागले, शिंका सुरू झाल्या. आजारातून उठलेल्या माणसांच्या रक्तद्रवाने हा संसर्ग रोखला जाई. फेरेट त्यांच्या प्रयोगशाळेत होते ते कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या अभ्यासामुळे. आजही माणसाच्या फ्ल्यूच्या अभ्यासासाठी ते महत्त्वाचे प्राणी मानले जातात.

अंड्यातील वाढ : १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यात विषाणू वाढविला. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना अशा अंड्यातील द्रवात तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून गोळा होताना दिसल्या. या साध्या निरीक्षणातून विषाणू व प्रतिपिंडे मोजण्याची कसोटी मिळाली. ही कामगिरी मूळ शोधाइतकीच मोलाची आहे.

रचना : विषाणूच्या ए प्रकारात आरएनए या जनुकीय द्रव्याचे ८ तुकडे असतात; पृष्ठभागावरील एच (हीमॅग्लुटिनिन) व एन (न्यूरॅमिनिडेज) प्रथिनांवरून त्याचे उपप्रकार ठरतात.

१९१८ चा विषाणू : अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या, त्या महासाथीत दगावलेल्या व्यक्तीच्या मृतदेहातील ऊती १९९७ मध्ये योहान हुल्टिन यांनी मिळवल्या. जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने जनुकक्रम उलगडला व २००५ मध्ये विषाणूची पुनर्निर्मिती झाली. अशा प्रयोगांच्या सुरक्षिततेवर एकमत नाही.

भारत : पुणे येथील विषाणू संशोधन केंद्र (स्थापना १९५२) १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. २००९ च्या एच१एन१ साथीत निदानाचा मोठा भार या संस्थेने उचलला. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकातून देण्याची लस आणली.

लस : विषाणू सतत बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी वेगवेगळे, लशीचे घटक सुचविते, म्हणून ही लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.