वाफवलेली होडी

इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. प्रेशर कुकर मात्र कुठे सापडत नाही. हा शुद्ध अन्याय आहे. इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल गावी १९४६ साली लोक चक्क होड्या शिजवू लागले होते!

ही मंडळी फेअरी कंपनीची, म्हणजे मूळची विमानवाली. १९४१ साली ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू निकामी केलं ते यांच्याच स्वोर्डफिश विमानांनी. पुढे १९४५ साली शांतता झाली आणि लढाऊ विमानांची मागणी आटली. शांतता चांगलीच, पण ती ताळेबंदाच्या कुठल्या बाजूला मांडायची, हे मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही. फेअरीवाल्यांनी विमानांसाठी शिकलेली विद्या होड्यांना लावली.

कृती सोपी. साच्यावर लाकडाचे पातळ पापुद्रे आडवेतिडवे रचायचे, मधे कृत्रिम राळेचा सरस. (अशी एक राळ युरियापासून होते. युरिया म्हटलं की मला फक्त पीककर्जाचा अर्ज आठवतो.) वर रबरी पिशवी घालून आतली हवा ओढायची आणि सगळं प्रकरण अवाढव्य कुकरात ढकलून वाफ सोडायची. गूळ तापला की पातळ होतो. ही राळ अंड्यासारखी, तापली की घट्ट, ती कायमची! गार हवेत जे काम रेंगाळतं, ते उष्णता झटपट उरकते. साहेब मागे उभे राहिले की आमच्या काउंटरवर होतं, तसंच.

यातून निघाली उफा फॉक्स यांच्या आराखड्याची बारा फुटी ‘फायरफ्लाय’. एकाच साच्यातल्या होड्या, सगळ्या सारख्या. म्हणून १९४८च्या ऑलिंपिकमध्ये त्याच वापरल्या. वीस वर्षांचा डॅनिश पोरगा पॉल एल्व्हस्ट्रॉम तीत बसून सुवर्णपदक घेऊन गेला. पुढच्या तीन ऑलिंपिकमध्येही सुवर्ण त्याचंच!

मग काचतंतू आणि पॉलिएस्टर आले. त्यांची राळ थोडं रसायन घातलं की भट्टीवाचून घट्ट होते. कुकर थंडावला. पण आज शर्यतीच्या कार्बनच्या होड्या पुन्हा भट्टीत जातात.

लढाईसाठी शिकलेली कला नंतर पोरांना शिडाच्या होडीत बसवायच्या कामी आली, एवढं पान तरी इतिहासात हवं. परीक्षेला नाही आलं तरी चालेल.