फीपलीकडचा खर्च : उच्च शिक्षण आणि समाजाचा हात

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांत शास्त्रदानाचे स्थान मोठे आहे. ग्रंथ हाताने लिहून घ्यावे लागत, त्या काळी एकेक प्रत मोठ्या श्रमाची आणि खर्चाची असे. अशा काळात कर्नाटकातील दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने पोन्नकवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती करवून वाटल्याची ख्याती आहे. ज्ञानालाही मोल पडते आणि ते कोणीतरी चुकते करावे लागते, ही जाणीव समाजात फार जुनी आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पुढे मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोऱ्यासाठी त्यांनी आणखी दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा साऱ्या जगाला दिसतो. परंतु पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला खरा आधार ग्रंथालयाचाच असतो.

खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे मात्र फी आणि पुस्तके यांच्याही आधी राहण्या-जेवण्याचा प्रश्न उभा राही. रात्रिभोजनत्याग आणि कंदमूळवर्ज्य पाळणाऱ्या मुलाची शहरातील खाणावळीत सोय होत नसे. ही अडचण ओळखून दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही वसतिगृहांचे कार्य हाती घेतले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि हुबळी येथील बोर्डिंगांनी शेतकरी कुटुंबांतील मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटील यांनी ते ऋण अनेक पटींनी फेडले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वानुसार विद्यार्थी शेतात व बांधकामावर श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलू लागले. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहावी, हा त्यामागील विचार होता. समाजातील अनेक न्यासांनी स्वीकारलेल्या कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या मुळाशीही हाच विचार आहे. शिकून कमावता झालेला विद्यार्थी रक्कम परत करतो आणि तीच रक्कम दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पडते.

यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, १९५९ पासून, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शासनाची फीमाफी मिळू लागली. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, तशी फीही वाढली आणि देणग्यांचा बाजार सुरू झाला. तो रोखण्यासाठी १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली.

तथापि फी माफ झाली तरी खोलीचे भाडे, मेसचे बिल आणि वैद्यक वा अभियांत्रिकीचे जाडजूड ग्रंथ हा खर्च घरावरच राहतो. शेठ माणिकचंदांनी जी उणीव ओळखली, ती अद्याप पुरती भरून निघालेली नाही. आपल्या कपाटात पडून असलेली पाठ्यपुस्तके पुढील विद्यार्थ्याला देणे, हे आजच्या काळातील शास्त्रदानच होय. पूर्वी घेतलेली शिष्यवृत्ती आठवणीने परत करणे हेही तितकेच मोलाचे आहे. कारण एकाने परत केलेल्या रकमेतूनच दुसऱ्याचे शिक्षण उभे राहते.