अल्बेर्तो काल्देरॉन : बाहेरून मोजून आतले ओळखणारे गणितज्ञ

अल्बेर्तो काल्देरॉन (१४ सप्टेंबर १९२० – १६ एप्रिल १९९८) हे अर्जेंटिनाचे थोर गणितज्ञ. नोकरीत भेटलेल्या एका प्रश्नावरचा त्यांचा छोटासा लेख सुमारे तीस वर्षांनी प्रसिद्ध झाला आणि ‘व्यस्त समस्या’ या गणिताच्या शाखेला त्यातून नवी दिशा मिळाली. सभासदांसाठी त्यांचा हा थोडक्यात परिचय.

व्यस्त समस्या म्हणजे काय, हे आम्हा बँकवाल्यांना हिशेबाच्या भाषेत चटकन समजते. दिवसभराच्या नोंदी हाती असल्या की बेरीज कोणीही करील. पण संध्याकाळी ताळा जुळला नाही आणि ९०० रुपयांचा फरक आला, तर त्या एका आकड्यावरून चुकीची नोंद शोधणे हे उलट काम. चूक एका नोंदीत असेल, नाहीतर तीन नोंदींची मिळूनही असेल. पुसट छायाचित्रावरून मूळ चित्र मिळवणे, क्ष-किरणांच्या मोजमापांवरून शरीराचा आडवा छेद पाहणे, ही याच जातीची कामे.

काल्देरॉन यांचा जन्म मेंदोसा येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. ओढा गणिताकडे होता. पण गणितावर पोट भरणार नाही, असे वडिलांचे मत पडले. म्हणून त्यांनी ब्युनोस आयर्स विद्यापीठातून १९४७ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सरकारी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथे त्यांच्यापुढे प्रश्न आला : जमिनीच्या पृष्ठभागावरून वीजप्रवाह सोडला आणि पृष्ठभागावरच विजेचा दाब मोजला, तर आत कोणत्या ठिकाणी वीज किती सहज वाहते, हे नक्की सांगता येईल का? त्यांनी त्यावर काम केले, पण ते प्रसिद्ध केले नाही.

१९४८ साली शिकागोचे प्राध्यापक अँटनी झिग्मुंड ब्युनोस आयर्सला आले. या तरुण इंजिनिअरची बुद्धी पाहून त्यांनी त्याला शिकागोला बोलावले. १९५० मध्ये काल्देरॉन यांना डॉक्टरेट मिळाली. दोघांनी मिळून उभारलेला सिद्धान्त आजही आंशिक विकलक समीकरणांच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. पुढे १९८९ साली वुल्फ पारितोषिक आणि १९९१ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना लाभले.

तेल कंपनीतला तो प्रश्न त्यांनी १९८० साली रिओ दि जानेरो येथे मांडला. आतला पदार्थ जवळजवळ एकसारखा असेल, तर बाहेरच्या मोजमापांवरून आतले अंदाजे चित्र कसे काढता येते, हे त्यांनी दाखवले. संपूर्ण उत्तर इतरांवर सोपवले. १९८७ मध्ये जॉन सिल्व्हेस्टर व गुंथर उलमन यांनी तीन किंवा अधिक मितींसाठी, आतला बदल गुळगुळीत असेल तर उत्तर एकच असते, हे सिद्ध केले. दोन मितींचे उत्तर १९९६ साली एड्रियन नाचमन यांनी दिले.

उत्तर एकच आहे, एवढ्याने चित्र स्पष्ट मिळत नाही. बाहेरच्या मोजमापात किंचित चूक झाली, तर आतल्या चित्रात ती फार मोठी होऊन उमटते. म्हणून मोजमापाशी इमान राखतानाच चित्र फार खडबडीत होणार नाही, असे बंधन गणितात घालतात. रशियाचे आंद्रेई तिखोनोव यांचे नाव या पद्धतीशी जोडलेले आहे. बंधन सैल ठेवले तर यंत्राचा गोंधळच आजारासारखा दिसतो. जास्त आवळले तर खऱ्या दोषाची कडाच पुसली जाते. हा तोल सांभाळणे हेच चित्र दुरुस्त करणाऱ्या गणिताचे खरे कौशल्य आहे.

आज काही रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत रुग्णाच्या छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून, अगदी सौम्य प्रवाह सोडून, फुप्फुसाच्या कोणत्या भागात हवा पोहोचते ते पाहतात. सीटी स्कॅनच्या मानाने हे चित्र पुसट असते. पण क्ष-किरण लागत नाहीत आणि रुग्णाला न हलवता सतत लक्ष ठेवता येते. या तंत्रामागचा गणिती प्रश्न जगभर ‘काल्देरॉन समस्या’ म्हणून ओळखला जातो.

गणित घेऊन पोट भरेल का, हा प्रश्न आपल्या घरांतही बारावीच्या निकालानंतर विचारला जातोच. काल्देरॉन यांच्या बाबतीत पोटासाठी धरलेल्या नोकरीने प्रश्न दिला आणि आवडीच्या गणिताने तो सोडवण्याची वाट दाखवली. मुलांशी बोलताना ही हकिकत त्यांना जरूर सांगावी, असे आम्हाला वाटते.