बंब, रेडिएटर आणि आडाचं पाणी

माकणीच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत तुराट्या आणि गोवऱ्या पेटवायच्या, भोवतीनं पाणी. दोन-तीन वर्षं झाली की आई वडिलांच्या मागं लागायची, "बंब लवकर तापंना झालाय, बघा की." मग वडील बंब अंगणात उपडा करून बाहेरून लाकडानं ठोकायचे. आतून पांढऱ्या खपल्या पडायच्या, कवडीएवढ्या जाड. आडाच्या पाण्याचा खार. वडील जीप चालवायचे. एकदा त्यातली खपली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "गाडी तापती ती ह्याच्यापायी. इंजिन म्हंजे बंबच हाय, फक्त आपल्याला त्यातलं पाणी गार ठेवायचं असतं."

पुढं मी इंजिनं उघडायला शिकलो, पण याच्यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नाही. सिलिंडरमध्ये जाळ, भोवतीच्या पोकळीत पाणी. ते पाणी उष्णता घेऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, वाऱ्यानं निवतं आणि परत येतं. नळीच्या आत कागदाएवढा खार बसला तरी उष्णता बाहेर पडायला अडते. आमचा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्या खडकातून झिरपून आडात आणि बोअरमध्ये आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. पाणी तापलं की ते क्षार धातूला चिकटतात. म्हणून आमच्या भागातल्या गाड्यांच्या तापण्याचा इतिहास हा मला पाण्याचाच इतिहास वाटत आला आहे.

मोटारीची तहान तिच्या जन्मापासूनची. कार्ल बेन्झच्या 1886 च्या तीनचाकीत पाणी निववायची सोयच नव्हती. ते उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि वरून भरत राहावं लागायचं. 1901 च्या मर्सिडीजला विल्हेल्म मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. तेव्हापासून थोडं पाणी पुरायला लागलं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये बहुतेक काळ पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं आणि गार पाणी खाली उतरायचं, एवढ्यावर गाडी चालायची.

आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम सरकारच्या रेल्वेनं जून 1932 मध्ये 27 गाड्यांवर बससेवा सुरू केली. सोलापूर-हैदराबाद रस्ता नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. सप्टेंबर 1948 मध्ये जनरल चौधरींच्या हाताखालचं भारतीय सैन्य याच रस्त्यानं हैदराबादकडं गेलं. आजोबा तेव्हा उमरग्याच्या बाजूला सालगडी होते. रणगाड्यांपेक्षा त्यांना जीप आठवायच्या. "टोपडं उघडं टाकून, वाफा सोडीत उभी होती एक," असं सांगायचे. शिपायांनी विहिरीवर बादल्या मागितल्या आणि गावकऱ्यांनी आणून दिल्या. मोटारीला पाणी पाजायचं असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. शब्दही बैलाचाच, पाजायचं.

तो शब्द आणि ती रीत टिकली. वडिलांच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली पाण्याचा कॅन कायम असायचा. काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपचं गणित वेगळंच. माणसं मोजायची नाहीत, टपावर पोती, दारात लोंबकळणारी पोरं, चढ आला की दुसरा गिअर. वेग कमी म्हणजे वारा कमी, आणि ओझं जास्त म्हणजे जाळ जास्त. चैत्रात हे सगळं एकत्र आलं की पाणी उकळायचं. मग जे पाणी मिळेल ते ओतायचं: आडाचं, हापशाचं, ओढ्याचं. गाडीला कुठलंही पाणी चालतं, ही समजूत मी लहानपणापासून ऐकली. वडील एकटे ती मानायचे नाहीत. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवून ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे आणि रेडिएटरला तेच वापरायचे. लोक त्यांना चेष्टेनं बोलायचे. त्यांची जीप मात्र इतरांपेक्षा कमी तापायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकदा मात्र त्यांनी तो नियम मोडला. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीच्या ढिगात गेली. जवळपास 8 हजार माणसं गेली. उजाडायच्या आत वडील जीप घेऊन सास्तूरला पोचले. मग सोलापूरच्या रस्त्याला लागले. मागं जखमी माणसं आडवी, जागा नाही म्हणून कॅन आधीच बाहेर टाकलेला. वाटेत उष्णतेचा काटा लाल पट्टीत गेला. थांबून गार करायला अर्धा तास लागतो, तो वेळ नव्हता. त्यांनी पोत्याच्या ओल्या फडक्यानं झाकण अर्धं फिरवलं, वाफ जाऊ दिली आणि इंजिन चालू ठेवूनच रस्त्याकडेच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी डबड्यानं थोडं थोडं सोडलं. उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत सोलली. पुढं बरी झाली, डाग राहिला. ते त्याबद्दल स्वतःहून कधी बोलले नाहीत, आईनं सांगितलं म्हणून मला माहीत.

त्या गढूळ पाण्यानं रेडिएटर गेलाच. तो दुरुस्त करणारा माणूस मूळचा बंब-घागरींना डाग देणारा, कल्हई लावणारा. पितळेचे रेडिएटर आले तेव्हा त्याच्या घराण्याला नवं काही शिकावं लागलं नव्हतं. तीच डागणी, तेच कथील, तोच नवसागर. त्याचं काम मी तासन्‌तास बघत बसायचो. वरची टाकी डाग वितळवून सोडवायची. आत एकाशेजारी एक चपट्या नळ्यांची तोंडं दिसायची, निम्मी पांढरी बुजलेली. प्रत्येक नळीत पोलादी पट्टी घालून वरखाली करायची, हळू, नळी फाटू न देता. खालून चुन्याच्या निवळीसारखं पाणी गळायचं. मग टाकी परत डागायची, तोंडं रबरी बुचांनी बंद करून रेडिएटर हौदात बुडवायचा आणि हवा भरायची. बुडबुडा दिसला की तिथं डाग. आता अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. त्यांना डागणी लागू होत नाही. त्याची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली.

दुसरी एक रीत त्या काळात पसरली, ती मात्र चुकीचीच होती. गाडी तापली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकायचे. "आपल्या उन्हात त्याचं काय काम?" थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण 82 ते 88 अंशांना ते वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, इंधन जास्त जळतं, रिंगा लवकर झिजतात. आणि खरा रोग, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, तसाच राहतो.

या एप्रिलमध्ये पुतण्या गाडी घेऊन आला. "काका, काटा वर जायलाय. थर्मोस्टॅट काढून टाकू का?" मी म्हटलं, आधी गार होऊ दे. तासाभरानं झाकण उघडलं. पाणी तांबूस. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं. गाडी सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडेही येईनात. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत असावं, जिवात जीव आला. समोरच्या जाळीत सोयाबीनचं भुसकट बसलेलं होतं, ते आतल्या बाजूनं पाणी मारून काढलं. ठरावीक उष्णतेला विजेचा पंखा फिरला. वरचा पाइप गरम, खालचाही गरम झाला, पण रेडिएटरच्या मधोमध हात लावला तर हातभर पट्टा गार. पाणी तिथून जातच नव्हतं.

तरी त्याची खात्री व्हावी म्हणून गाडी गार झाल्यावर थर्मोस्टॅट काढून दोऱ्यानं पातेल्यात सोडला आणि चुलीवर ठेवला. पाणी उकळायच्या अलीकडंच तो पापणी उघडावी तसा उघडला. पुतण्या वाकून बघत राहिला. मग त्यानं सांगितलं: वर्षापूर्वी पाइप फुटला होता, तेव्हापासून कूलंट नाही, बोअरचं पाणी चालू आहे.

तांब्याचा बंब आई चिंचेच्या कोळानं घासायची. मी लिंबूसत्त्व वापरलं. ते पाण्यात विरघळवून थोडा वेळ गाडी चालवली, काढलं, स्वच्छ पाण्यानं चार वेळा धुतलं. पहिलं पाणी परातीत घेतलं होतं. तळाशी पांढरी पूड बसली, बंबातली तीच. शेवटी बॅटरीला वापरतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं. झाकणाचं रबर चिरलेलं होतं, म्हणून झाकणही नवं घेतलं. चांगलं झाकण आत दाब धरतं आणि त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. लोक हजारोंचा पंप बदलतात आणि झाकणाकडं बघत नाहीत. सांडलेल्या कूलंटवर माती टाकून ती गोळा केली. ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्र्यानं किंवा वासरानं चाटलं तर संपलं.

परवा तो सोलापूरला जाऊन आला. नळदुर्गच्या चढावर काटा मध्यावरच होता म्हणाला. डिकीत पाण्याचा कॅन मी ठेवायला लावला आहे. पन्हाळीखालचं पिंपही घासून ठेवलंय, मृग आता जवळ आलाय.