शेर कुठला?

गिरगावातल्या एका जुन्या चाळीतले बिऱ्हाड हलवताना निघालेली पाककृतींची हस्तलिखित वही मध्यंतरी आमच्या हाती आली. तीत रव्याच्या लाडवांचे प्रमाण असे : एक शेर रवा, पाऊण शेर साखर, वीस तोळे तूप. वरवर सरळ वाटणाऱ्या या ओळीचा अर्थ लावायचा, तर आधी विचारावे लागते : शेर कुठला?

कारण शेर एक नव्हता. अंकगणिताच्या जुन्या कोष्टकात तो धान्याचे माप होता : दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तराजूत घालायचा शेर वेगळा, आणि तोही दोन तऱ्हांचा. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा. त्याचा चाळिसावा भाग म्हणजे आजचे सुमारे ३१८ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर मात्र सुमारे ९३३ ग्रॅमचा. नाव एकच, वजन जवळजवळ तिप्पट.

रवा आणि साखर या बाबतीत काही सांगत नाहीत. शेर कुठलाही धरला तरी त्यांचे परस्परप्रमाण तेच राहते. साक्ष देते ते तूप. वीस तोळे म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. मुंबईच्या लहान शेराला इतके तूप घातले तर लाडू वळण्याऐवजी पसरतील. तेव्हा शेर मोठा असावा, किंवा मापाचा. त्या दोहोंतला फरक लिहिणारीने हाताच्या अंदाजावर सोडला असणार.

१९५६ साली वजने-मापे प्रमाणित करण्याचा कायदा संमत झाला. ऑक्टोबर १९५८पासून दशमान वजने येऊ लागली आणि १९६२पर्यंत जुनी हद्दपार झाली. दुकानातला शेर गेला. पण घरात किलोचा तराजू आला नाही. ती जागा वाटीने घेतली. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण छापील पानावर आणले, आणि तराजू नसलेल्या घरातही पाककृती जशीच्या तशी उतरू लागली.

वाटीलाही मर्यादा आहेतच. दोनशे मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ सुमारे १६० ग्रॅम मावतात, चाळलेली कणीक जेमतेम शंभर. सुक्या मिरच्यांपुढे तर वाटी हतबलच होते. मिरच्यांपेक्षा हवाच अधिक मोजली जाते. म्हणून लालबागच्या मसाल्याच्या बाजारात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला येणाऱ्या बायकांच्या याद्या आजही किलो-ग्रॅममध्ये असतात : मिरच्या इतक्या, धणे इतके. त्याच बायका घरी परतून भात वाटीनेच मोजतात. यात विसंगती नाही. पदार्थ जसा, तसे माप, हा जुनाच व्यवहार आहे.

आमची चिंता निराळी आहे. शेराचे निदान कोष्टक तरी उरले. वाटीचे कोष्टक कुणी लिहून ठेवलेले नाही. ती आमटीची की आमरसाची, हे फक्त त्या घराला ठाऊक. ते घर पुनर्विकासात गेले, फडताळातली वाटी भांडीवालीला दिली गेली, की 'दोन वाट्या' हे शब्द तेवढे राहतात. वाचकहो, आपल्या घरच्या वहीच्या पहिल्या पानावर एवढे लिहून ठेवा : आमच्या वाटीत पाणी किती मावते. पन्नास वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला तुपाची साक्ष काढावी लागणार नाही.