क्षयजंतू आणि ऑक्सिडीकारक ताण

शरीराच्या संरक्षक पेशी क्षयरोगाच्या जंतूवर ऑक्सिजनपासून बनलेल्या दाहक रसायनांचा मारा करतात. हा मारा सोसून जगण्याची जंतूची यंत्रणा हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये या जंतूचा शोध जाहीर केला. त्याच्या चिवटपणाचे रसायन मात्र बऱ्याच नंतर उलगडत गेले.

फुप्फुसात शिरलेला जंतू महाभक्षी पेशी गिळतात. त्याच्याभोवती तयार होणाऱ्या पिशवीच्या पटलावर ऑक्सिडेज हे एंझाइम असते. ते ऑक्सिजनचे सुपरऑक्साइड करते आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. पेरॉक्साइडची जंतूतील लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. डीएनए, प्रथिने, मेद, जे जवळ असेल त्याची तो नासधूस करतो. या ऑक्सिडेजचे मोल क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजाराच्या मुलांकडे पाहिले की कळते. त्यांच्यात ते जन्मतः निकामी असते, आणि बीसीजी लशीतला निर्बल केलेला जंतूही त्यांना बाधू शकतो.

ई. कोलायसारख्या जीवाणूंत पेरॉक्साइडची चाहूल लागताच ऑक्सिआर हे प्रथिन बचावाची जनुके जागी करते. क्षयजंतूत त्याचे जनुक अनेक उत्परिवर्तनांनी निकामी झाले आहे, आणि तरीही तो महाभक्षी पेशीतच मुक्काम ठोकतो. त्याच्या मेदयुक्त भित्तिकेतील काही रेणू मूलकांना बाहेरच शोषून घेतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज एंझाइमे सुपरऑक्साइडचा निचरा करतात. अनेक पेशींना अशा माऱ्यापासून वाचवणारा ग्लुटाथायोन हा रेणू जंतूकडे नाही. त्या रेणूचे काम मायकोथायोल करते.

पेरॉक्साइडचे विघटन करणारे मुख्य एंझाइम म्हणजे कॅटजी, आणि क्षयाच्या उपचाराचा इतिहास त्याच्याशीच जोडलेला आहे. 1952 मध्ये वापरात आलेले आयसोनियाझिड स्वतः निष्क्रिय असते. कॅटजी त्याला सक्रिय करते, तेव्हाच ते भित्तिकेच्या मायकोलिक आम्लाची निर्मिती रोखते. म्हणजे जंतूला वाचवणारे एंझाइमच औषधाला त्याच्याविरुद्ध धार लावून देते. या औषधाला दाद न देणारे अनेक जंतू कॅटालेज, म्हणजे कॅटजीची पेरॉक्साइड फोडण्याची क्षमता, गमावून बसतात आणि गिनीपिगमध्ये सौम्य आजार करतात, हे 1950 च्या दशकातच दिसले होते. त्याच सुमारास मद्रासच्या अभ्यासांत आढळले, की तिथल्या रुग्णांमधले औषधाला दाद देणारे जंतूही ब्रिटिश जंतूंपेक्षा पेरॉक्साइडने लवकर मरतात. कॅटजीचे जनुक गेले की प्रतिकार येतो, हा थेट पुरावा 1992 मध्ये मिळाला.

रुग्णांमध्ये मात्र जनुक समूळ गेलेले क्वचितच आढळते. बहुधा 315 व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनीन येते. या बदलाने औषध फारसे सक्रिय होत नाही, पण पेरॉक्साइड हाताळण्याची ताकद बरीच टिकते. जंतूला याहून सोयीचा बदल सापडणे कठीण, म्हणूनच तो जगभर पसरला असावा. ज्यांची कॅटजी पुरती निकामी होते, अशा काही जंतूंत एएचपीसी हे दुसरे पेरॉक्साइडनाशक एंझाइम जादा प्रमाणात तयार होऊन उणीव काही अंशी भरून काढते.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. येथील प्रयोगशाळांत लाइन प्रोब ॲसे ही चाचणी कॅटजी आणि इन्हए (सक्रिय औषध ज्याला रोखते त्या एंझाइमचे जनुक) या दोन्ही जनुकांतील बदल शोधते. केवळ इन्हएत बदल असेल तर आयसोनियाझिडची मात्रा वाढवून बहुधा उपयोग होतो. कॅटजीतील बदलाने येणारा प्रतिकार सहसा अधिक तीव्र असतो, म्हणून उपचाराची आखणी त्यानुसार बदलावी लागते.